न धुतलेली दांडी

“आता ऱ्हायल्या कोंबड्या,” असं कुणीतरी म्हणालं आणि उठायला निघालेले भैरूतात्या पुन्हा घोंगडीवर बसले.

सकाळपासून आमच्या सोप्यात वाटणी चालली होती. भैरूतात्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. भावकीत कुणाचं घर वेगळं व्हायचं झालं की मधे तेच बसायचे, आणि त्यांनी एकदा सांगितलं की कुणी हूं की चूं करत नसे. जमीन वाटून झाली होती. बैल, औतं, भांडी, सगळं झालं होतं. एका तपेल्यावरून तर माझे थोरले दीर आणि आमचे हे असे हातघाईवर आले होते की त्या तपेल्यात जसं काही अमृतच शिजणार होतं! घरामागच्या परड्याच्या मधोमध चुन्याची रेघ मारून झाली होती. रेघेच्या पल्याडचं घर, न्हाणी आणि कोंबड्यांचं खुराडं थोरल्यांना. अल्याडच्या दोन खोल्या, गोठा आणि गोठ्याची पडवी आम्हांला. सगळे दमले होते. तात्यांना तर कडकडून भूक लागलेली त्यांच्या तोंडावरच दिसत होती.

“कोंबड्या वाटणीत धरत न्हाईत,” तात्या म्हणाले. “तो बायकांचा जिन्नस. बायकांनी बघून घ्यावं.”

खरं होतं ते. आमच्याकडे वाटणीत म्हैस धरतात, शेळी धरतात, पण कोंबडी धरत नाहीत. ज्या बाईची कोंबडी, तिचीच अंडी आणि तिचीच पिलं. पुरुषांनी त्यात बोट घालायचं नाही. पण कोणत्या बाईची, असा प्रश्न आला की मग काय करायचं, ते काही कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

“बघायचं काय त्यात?” आतल्या दारातून बायजाक्का म्हणाली. ती माझी थोरली जाऊ. अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. “खुराडं आमच्या वाटणीला आलंय. खुराड्यात जे बसतं ते आमचं. हिरीबरोबर पाणी येतं का न्हाई?”

मी दाराच्या दुसऱ्या अंगाला बसले होते. माझ्या लेकीला, शालनला, मांडीवर घेऊन. थोरामोठ्यांपुढं सुनेनं बोलायची रीत नव्हती. पण म्हटलं, रीत गेली खड्ड्यात.

“अक्का, आजवर मी बी तुमच्याच सोप्याला झोपले. मग मला बी धरा की तुमच्या वाटणीत!”

पुरुष खो खो हसले. आमच्या ह्यांनी मात्र मान खाली घातली. महिपती त्यांचं नाव. सोन्यासारखा माणूस, पण वहिनीपुढं उभं राहायचं म्हटलं की त्यांना गोठ्यात काम निघायचं.

“हसा, हसा!” अक्का म्हणाली. “इतकी वर्सं माझं दाणं खाल्लं त्यांनी, ते कुणाच्या हिशेबात धरायचं?”

“दाणं सगळ्या घराचं. कोंबड्या माझ्या,” मी म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, चार कोंबड्यांसाठी बाई एवढी का हमरीतुमरीवर आली. सांगते. माझ्या लग्नात आईनं मला दागिना दिला नाही की भांडं दिलं नाही, तिच्याजवळ नव्हतंच. पाठवणीच्या वेळी तिनं माझ्या काखेत एक कोंबडी दिली. तांबडी-काळी, डोक्यावर पिसांचं टोपरं असलेली. आणि दुसऱ्या हातात एक हातभर काठी. वऱ्हाडाला आयतंच निमित्त मिळालं. कुणी म्हणालं, काठी कोंबडी हाकायला दिलीय. कुणी म्हणालं, न्हाई रे, नवऱ्याला हाकायला. बायजाक्का तर पोट धरून हसली होती. पण त्या कोंबडीची पिलं, पिलांची पिलं असं होत होत खुराडं भरलं. वाटणीच्या वेळी कळपाच्या पुढं जी चालायची ती त्या पहिलीची पणती. तिलाही तसंच टोपरं होतं, म्हणून तिचं नाव टोपरी.

आणि वाटणीच्या आदल्याच उन्हाळ्यात माझी आई गेली. तिच्या मागं उरलेल्या कोंबड्या भावानं बाजारात नेऊन टाकल्या. आईच्या हातचं जिवंत असं जे काही ह्या जगात उरलं होतं, ते त्या खुराड्यात बसत होतं. ते अक्काला देऊ? का म्हणून देऊ?

तात्यांनी डोकं खाजवलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अक्काकडे, एकदा चुलीकडे.

“कोंबड्यांनाच इचारू,” ते म्हणाले. “उद्या दिवेलागणीला मी परड्यात बाज टाकून बसतो. कुणी हाक मारायची न्हाई. दाणा टाकायचा न्हाई. हाकायचं न्हाई, धरायचं न्हाई. कोंबड्या आपल्या पायानं जिथं जाऊन बसतील, त्या बाईच्या. मान्य?”

“मान्य!” अक्का एका दमात म्हणाली. का नाही म्हणणार? कोंबडी संध्याकाळी जुन्या जागीच जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि जुनी जागा अक्काची.

“तानू?”

“मान्य,” मी म्हणाले. दुसरं म्हणायला जागाच कुठं होती?

खोलीत आल्यावर ह्यांनी कपाळावर हात मारला. “का हो म्हणालीस? आता गेल्याच म्हणून समज.”

मी दारातून बघत राहिले. ऊन उतरलं तशा कोंबड्या कुंपणाखालून एकेक करत आल्या. पुढं टोपरी. फळीवरून चढल्या, खुराड्यात शिरल्या. आतून थोडी ढकलाढकली ऐकू आली, कुणाची जागा कुणी घेतली म्हणून एक ओरडली, मग सगळं गप्प झालं. खुराडं अक्काच्या अंगणात आणि मी रेघेच्या अल्याड. पदर तोंडात धरून रडले मी. लाज कसली सांगायला!

सकाळी मात्र अक्कानं माझं रडं पळवून लावलं.

झालं काय, तर अक्काला रात्रीतून साक्षात्कार झाला की संध्याकाळी आख्खी भावकी बघायला येणार. आणि अक्काचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे लोक काय म्हणतील. तिच्या घरात पाहुणा यायचा म्हटला की ती उंबरासुद्धा घासायची. कोंबड्या चरायला बाहेर पडल्या न पडल्या तोच तिनं पदर खोचला.

“तात्या यायचं, मंडळी यायची, आणि माझ्या दारात हे शिटानं भरल्यालं खुराडं? छ्या!”

तिचा भाऊ सर्जेराव तालुक्याला वायरमन होता. वाटणीसाठी म्हणून आलेला, तो राहिलाच होता. बहिणीनं त्याला कामाला जुंपलं. दोघांनी मिळून खुराड्यातलं सगळं ओढून ओढून बाहेर काढलं. पाचोळा आला, फाटकं पोतं आलं, चढायची जुनी फळी आली. आणि सगळ्यात शेवटी आली कोंबड्या बसायची दांडी.

बाभळीची दांडी होती ती. मनगटाएवढी जाड, पायांनी घासून घासून सालीचं नाव उरलं नव्हतं, आणि जागोजागी वाळलेली शीट. तिच्या एका टोकावर सुतळीनं करकचून बांधलेली एक काठी होती, हातभर. अक्कानं ती दांडी दोन बोटांत धरून नाक मुरडत रेघेजवळ आणून टाकली.

मी शालनची वेणी घालत होते. वेणी तशीच सोडली.

“अक्का, ही दांडी टाकली काय?”

“मग काय देव्हाऱ्यात ठेवू?”

“मी घेऊ?”

“घे की! चुलीत घाल. तेवढंच पाणी तापंल.” आणि मग हसत म्हणाली, “ती फळी बी ने, आन् ते पोतं बी ने. सगळा कचरा ने बाई. आमची वाटणी झाली, आता तुझी कर.”

“सर्जेरावदादा, ऐकलं न्हवं? अक्कांनी आपण होऊन दिलं.”

“ऐकलं, ऐकलं,” सर्जेराव पत्र्यासाठी लावलेल्या शिडीवरून म्हणाला. “कचऱ्याला कशाला साक्षी लागत्यात, वैनी?”

मी दांडी उचलली. दोन्ही हातांनी, छातीशी धरून. शालन वास येतो म्हणून पळाली. हे गोठ्यातून बादली आणि कुंचा घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, बायको काहीतरी करायला निघालीय तर आपणही हात लावावा.

“आण, धुऊन देतो.”

“हात लावू नका!”

“अगं, पण शीट—”

“शिटाला तर बिलकूल हात लावू नका. खरवडाल तर आज जेवायला मिळायचं न्हाई.”

ते बादली घेऊन तसेच उभे राहिले. “तानू, तुझं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?”

“हाय. आता मी सांगते तसं करा. पडवीच्या त्या कोपऱ्यात दांडी बसवायची. खुराड्यात होती तेवढ्याच उंचीवर. तोंड उगवतीला यायला हवं. काठीचं टोक भिंतीकडं. फळी अशी तिरकी लावा, उभी न्हाई. कोंबडी चढ चढते, शिडी चढत न्हाई. आणि वाऱ्याच्या अंगाला ते पोतं.”

“चुना?”

“न्हाई.”

“शेणाचा सडा तरी?”

“न्हाई म्हटलं न्हवं!”

त्यांनी कुरकुरत का होईना, पण सगळं सांगितलं तसं केलं. हाताला गुण होता माणसाच्या. दांडी अशी बसवली की हलवून हलत नव्हती. शेवटचा खिळा मारून मागं सरले, सगळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “लोक तोंडात शेण घालणार आपल्या.”

“घालू देत. आज शेणाला कमी न्हाई.”

पल्याड मात्र काय विचारता! खुराडं आतून-बाहेरून चुन्यानं पांढरंफेक झालं. वर नवा पत्रा आला. सर्जेरावानं कुठून तरी नळाचा तुकडा आणून दांडी म्हणून बसवला, चकचकीत, गोल. नव्या रंधलेल्या फळीला निळा ऑइलपेंट मारला. आणि सगळ्यावर कडी म्हणजे घरातनं वायर ओढून खुराड्याच्या दाराशी हा एवढा मोठा बल्ब टांगला. झेंडूची माळसुद्धा लावली हो अक्कानं! चौथीला गणपती बसवतात तसं दिसत होतं ते खुराडं.

“ताने, बघ,” अक्का रेघेपाशी येऊन म्हणाली. “राजवाडा! एकदा आत गेल्या की आठ दिस भायेर यायच्या न्हाईत.”

“लई छान झालंय, अक्का. मलाच जाऊन बसावंसं वाटतंय.”

तिला ते खरं वाटलं. खूश झाली.

आता एक सांगते. कोंबडी चालते कशी, हे कुणी बघत नाही. दाणा टाकतात, हाक मारतात, कापतात, पण बघत नाहीत. माझं अख्खं लहानपण आईच्या कोंबड्यांमागं गेलं. कोंबडी आधी मान पुढं टाकते आणि मान तिथंच धरून अंग मागून आणते. मान थांबलेली असते तेवढ्यातच ती बघून घेते. काही नवं दिसलं की पाय वर उचलते आणि तो पाय खाली ठेवायचा की नाही ह्याचा विचार करत बसते. एका डोळ्यानं बघते, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघते, कारण पहिल्या डोळ्यावर तिचा विश्वास नसतो. दिवसा ती कुठंही हुंदडेल. पण दिवस मावळला की तिला नवं काही नको असतं. मग तिच्यापुढं सोन्याचा महाल ठेवा.

दिवेलागणीला परडं भरून गेलं. तात्यांची बाज बरोबर रेघेवर. भावकीतली मंडळी कडेच्या दगडी गडग्यावर ओळीनं बसली. अक्का नवं लुगडं नेसून खुराड्याशेजारी, मी पडवीच्या खांबाला टेकून. हे माझ्यामागं, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“तानूनं तोंड उघडलं तर निकाल बायजाकडं,” तात्यांनी जाहीर केलं. “बायजानं उघडलं तर तानूकडं. पोरं गप. कुत्री बांधा.”

आणि कोंबड्या आल्या.

कुंपणाखालून पुढं टोपरी, मागं बाकीच्या, सगळ्यात शेवटी कोंबडा. त्याला आम्ही फौजदार म्हणत असू, कारण सगळे गेल्यावर मग तो ऐटीत यायचा. टोपरी रोजच्या वाटेनं सरळ खुराड्याकडं निघाली. सरळ म्हणजे अगदी सरळ. पडवीकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही. अक्काचं तोंड फुललं. मागून हे पुटपुटले, “गेल्या.”

खुराड्यापासून चार हातांवर टोपरी थांबली. एक पाय वर.

पांढरी भिंत. तिनं एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या. पाय वरच. मागच्या सगळ्या थांबल्या. फौजदार मागून येऊन आदळला आणि उगाच पंख झटकून उभा राहिला.

तेवढ्यात अक्कानं भावाला खूण केली आणि सर्जेरावानं बल्ब लावला.

लख्ख उजेड पडला! गडग्यावरनं “वा!” असा आवाज आला. अक्कानं तात्यांकडं असं बघितलं की हारच घालायचा बाकी होता. आणि कोंबड्या? कोंबड्यांना वाटलं, दिवस उगवला. बल्बाभोवती पाखरं जमली, त्यातलं एक भाजून खाली पडलं, ते एकीनं टिपलं, आणि झालं, सगळ्या दिव्याखाली पायानं माती उकरत हिंडू लागल्या.

अक्काला राहवेना. पण बोलायचं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी खुराड्याच्या दाराकडं दाखवलं.

“दारात आल्या म्हणून चालत न्हाई,” तात्या म्हणाले. “बसल्या पायजेत.”

टोपरी शहाणी. ती काही पाखरांमागं लागली नाही. तिनं निळ्या फळीवर पाय ठेवला. पाय सरकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. मग पंख मारून तिनं थेट दारात उडी घेतली आणि आत गेली.

ती आत गेली ना, तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. आई, असं म्हटलं मनात. दुसरं काहीच सुचलं नाही.

आतून ठणठणलं. नळ होता तो. टोपरी त्याच्यावर बसायला गेली, पकड बसेना, घसरली, पत्र्यावर आदळली, आणि अशी काही बोंब ठोकली तिनं की सगळ्या कोंबड्या दिव्याखालून उधळल्या. झेंडूची माळ गळ्यात घेऊन टोपरी बाहेर आली. गडग्यावरची माणसं तोंड दाबून हसायला लागली. तात्यांनी डोळे वटारले.

आता कडूसं पडलं होतं. उजेडाच्या पल्याड सगळं काळं. कोंबड्या परड्यात इकडून तिकडं चालत होत्या, एकीला एक धरून, बारीक आवाज करत. असा आवाज त्या पोरक्या झाल्यावर करतात. मला हाक मारावीशी वाटत होती. एक हाक मारली असती तर पायांत येऊन उभ्या राहिल्या असत्या. मी लुगड्याचा पदर दातांत धरला.

माळ झटकून टाकून टोपरी रेघेपाशी आली. तिनं मान वर केली. पडवीत काळोख होता, दिवा मी लावलाच नव्हता. काळोखात दांडी. टोपरीनं मान पुढं टाकली आणि थांबवली. अंग मागून आलं. पुन्हा मान. रेघ ओलांडली तिनं! चुना पायाला लागला म्हणून पाय झटकला आणि जुन्या फळीशी आली. ह्या फळीवर मात्र तिनं विचार केला नाही. टप, टप, टप, वर. मग दांडीसमोर बसल्यासारखी झाली, मान दोनदा खालीवर केली, किती लांब आहे ते मापलं, आणि उडी मारली.

बसली. भिंतीकडच्या टोकाला, काठीवर. नखं आवळली, अंग खाली घेतलं आणि पिसं फुगवली.

मी दातांतला पदर आणखी घट्ट धरला.

मग तांबडी आली. मग कवडी. मग दोन बहिणी होत्या, त्या नेहमीप्रमाणं एकदमच चढायला गेल्या आणि भांडल्या. एकेक करून, ज्या क्रमानं त्या रोज बसायच्या त्याच क्रमानं, येऊन बसत गेल्या. दांडी भरली. शेवटी फौजदार ऐटीत रेघ ओलांडून आला, फळी त्याच्या शानेला शोभत नव्हती म्हणून खालूनच उडाला, आणि दोघींना ढकलून मधे बसला.

“झाला निकाल,” तात्या म्हणाले.

मग काय, मी आवरलं नाही. “तीऽऽ ती ती ती ती!” अशी हाक मारली मी की डोंगरापल्याड माहेरापर्यंत गेली असेल. बसल्या बसल्या सगळ्या कोंबड्या कुरकुरल्या, हिला आता काय झालं म्हणून. गडग्यावर टाळ्या पडल्या. ह्यांनी शालनला खांद्यावर उचललं आणि ते नाचायलाच लागले, वहिनीसमोर, भावासमोर, सगळ्या भावकीसमोर! ते बघून तर मला अजूनच हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय.

“चेटूक केलं हिनं!” अक्का ओरडली.

“चेटूक कसलं? हाक मारली न्हाई, दाणा टाकला न्हाई.”

“पण ती दांडी माझ्या खुराड्यातली हाय!”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सर्जेरावाकडं बघितलं. सर्जेरावानं बहिणीकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, “अक्का, तूच म्हणालीस न्हवं का, चुलीत घाल म्हणून?”

अक्का त्याच्या अंगावर धावूनच जायची. पण तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. बल्बाखाली, खुराड्याच्या दारात, एक पांढरी तलंग तशीच बसून होती. अजून अंड्यावर न आलेली, अल्लड पोर. तिला तो उजेड आवडला असावा.

“ही एक ऱ्हायली,” तात्या म्हणाले. “हिचं काय?”

“ती आपल्या पायानं बसलीय,” मी म्हणाले. “ती अक्कांची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. अक्का रेघेपाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. मी झाडत राहिले. बराच वेळ ती पडवीतल्या दांडीकडं बघत होती.

“काय हाय त्या दांडीत?”

मी केरसुणी खाली ठेवली. लपवायचं काय होतं?

“अक्का, ही काठी ओळखलीत? माझ्या लग्नात तुम्ही हिलाच हसला होता. माझ्या आईच्या खुराड्यातली ही. आईनं पाठवणीला माझ्या कानात सांगितलं होतं, ‘पोरी, कोंबडी भिंतीला घर म्हणत न्हाई. तिला पायाखाली ओळखीचं लागतं. नव्या घरी आधी ही काठी बसव, मग कोंबडी सोड. आणि धुऊ नको.’ मी तसं केलं. पयल्या दिवशी नव्या गावात कोंबडी गप जाऊन बसली. मीच रडत होते. मागनं कोंबड्या वाढल्या, ह्यांनी मोठी दांडी घातली, तवा मी ही तिच्यावर बांधून घेतली.”

मला वाटलं, आता अक्का दोन शिव्या घालेल आणि जाईल. पण तिचा आवाज एकदम बारीक आला.

“मी ह्या घरात आले तवा मला कुणी काई दिलं न्हवतं. एक काठी बी न्हाई.”

ती एवढं म्हणाली आणि वळली. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो होतो आम्ही, पण मला हे ठाऊक नव्हतं. मी कोयता आणला. दांडीच्या काठी नसलेल्या टोकाचा हातभर तुकडा तोडला आणि रेघ ओलांडून तिच्या हातात दिला. तिच्या पांढऱ्या तलंगेला त्या दिवसापासून नळावर बसावं लागलं नाही. पुढं अक्काच्याही कोंबड्या वाढल्या. बल्ब मात्र तिनं टाकला नाही, खुराड्याचा काढून न्हाणीला लावला.

हे सगळं शालनच्या लग्नात पुन्हा आठवलं. मांडवात पाठवणीची गडबड. मी टोपरीच्या वंशातली एक कोंबडी धरून आणली, आणि पडवीतल्या दांडीची सुतळी सोडून आईची काठी काढली. वऱ्हाडातली एक शहरातली पोरगी धावत आली, मोठी कामसू. “द्या मावशी, मी स्वच्छ धुऊन आणते,” म्हणाली आणि काठी घेऊन नळाकडं पळाली.

मी तोंड उघडायच्या आत मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला. सनई थांबली, भटजी थांबले, अख्खं वऱ्हाड वळून बघायला लागलं. बायजाक्का हातातलं ताट तसंच टाकून, ढोपर दुखत असताना, लुगडं वर धरून पळत येत होती.

“अगं ए भवाने! धुऊ नको ती! धुऊ नको!”

तिनं त्या पोरीच्या हातातून काठी हिसकावून घेतली, पदरानंसुद्धा पुसली नाही, आणि स्वतः नेऊन शालनच्या हातात दिली. वऱ्हाड हसलं. आम्ही दोघी जावा त्यांच्याहून जास्त हसलो.